पथ्य कुणाचे?

दिवाळीच्या फराळाचे ताट पाहुण्यापुढे आले की आपल्याकडे एक छोटेसे नाटक सुरू होते. पाहुणा म्हणतो, "पुरे हो, आता अगदी नको." घरच्या वहिनी म्हणतात, "म्हणजे आमच्या चकल्या बिघडल्या म्हणायच्या!" पाहुणा हसून एक चकली उचलतो, तोवर त्याच्या ताटात बेसनाचा लाडू पडलेला असतो. या नाटकात कोणी कोणाला फसवीत नाही. नको म्हणणाऱ्याला थोडे हवे असते, वाढणाऱ्याला ते ठाऊक असते, आणि दोघांनाही आपापला संवाद पाठ असतो. या आग्रहाला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नव्हे. ज्या घरात कोणी आग्रह करीत नाही, त्या घरात पोट भरते पण जेवण झाल्यासारखे वाटत नाही. प्रश्न उभा राहतो तो एवढाच, की ज्याचे 'नको' हे खरोखरीचे 'नको' असते, त्याने या नाटकात काय करावे?

अशी माणसे आता थोडीथोडकी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा अंक ज्या घरात वाचला जाईल, त्या घरात नाही तर शेजारच्या घरात तरी असा एक माणूस असणारच. मी स्वतः अठरा वर्षे त्या मेळ्यात आहे. गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि शाळेतले आकडे सुटले तेव्हा शरीरातले आकडे माझ्या सोबतीला होतेच. परंतु मला येथे माझ्या दुखण्याची कहाणी सांगायची नाही. या दुखण्याने एक जुनाच नैतिक प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात आणून ठेवला आहे, त्याचा विचार करायचा आहे. प्रश्न असा: ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याच्या ताटात हात घालण्याचा अधिकार त्या प्रेमाला कुठवर आहे?

आधी दुखण्याची ओळख करून घेऊ. आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला की बर्फी खाल्ली, तरी पिष्टाचा आणि साखरेचा बराचसा भाग शेवटी ग्लुकोज होऊन रक्तात उतरतो. रक्तातून तो पेशींत शिरावा म्हणून पोटातले स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा रस सोडते. हा रस म्हणजे पेशीच्या दाराची किल्ली. काही मुलांच्या शरीरातली संरक्षक यंत्रणाच किल्ल्या घडविणाऱ्या पेशींचा नाश करते. त्यांना बाहेरून इन्शुलिन टोचून घेतल्यावाचून जगता येत नाही. पुष्कळशा प्रौढांत किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते. आणि वर्षे लोटतात तशी किल्ल्याही कमी पडू लागतात. पेशी उपाशी आणि रक्त मात्र साखरेने भरलेले, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे. साखर फार वाढली म्हणजे ती मूत्रावाटे बाहेर पडू लागते. त्या मूत्राला मुंग्या लागतात हे आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहिले होते, आणि त्यांनी या रोगाला मधुमेह असे नाव दिले. एवढ्या दारुण रोगाला इतके गोड नाव मिळावे ही भाषेची गंमत आहे.

पण या रोगाची खरी अडचण त्याच्या गोडीत नाही. तो बहुधा दुखत नाही, यात आहे. दाढ दुखू लागली की माणूस आपण होऊन दंतवैद्याकडे जातो. रक्तातली साखर मात्र वर्षानुवर्षे चढलेली राहते आणि माणूस आपल्या कामात मग्न असतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होत असतात, पायांच्या नसांची जाणीव कमी होत असते, हृदयावरचा धोका वाढत असतो. आणि या सगळ्याची वर्दी कोणी देत नाही. समोरचा पेढा आज गोड लागतो, त्याचा हिशेब पंधरा वर्षांनी होतो. त्या हिशेबाच्या दिवशी जो माणूस तेथे बसलेला असेल, तो मीच. पण आज तो मला परक्यासारखा वाटतो. त्या म्हाताऱ्या, अनोळखी 'मी'साठी आजच्या 'मी'ने हात आवरावा, ही मागणी काही लहान नाही. ज्यांनी कधी पथ्य केले नाही त्यांना ती लहान वाटते.

आणि त्यामुळेच या रोगाचा न्याय करायला सारे जग सरसावते. ताप आला तर कोणी रोग्याला दोष देत नाही. मधुमेह झाला म्हटले की पहिला प्रश्न येतो, "गोड फार खात होता का?" या प्रश्नाला परंपरेचाही थोडा आधार आहे. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेतली आहेत. परंतु त्याच परंपरेत सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले: एक जन्मतःच आलेला आणि दुसरा अपथ्याने ओढवलेला. लोकांनी दुसरा प्रकार लक्षात ठेवला आणि पहिला विसरून गेले. दोष देण्यात एक सोय असते. रोग दुसऱ्याच्या चुकीने झाला असे ठरले, की तो आपल्याला होणार नाही, असा दिलासा आपोआप मिळतो.

पहिल्या प्रकाराची गोष्ट आता पूर्वीपेक्षा पुष्कळ उलगडली आहे, आणि ती उलगडण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालविला. तेथली बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे. आपले जेमतेम दोन किलो सातशे ग्रॅमचे. हाडे बारीक, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. वरून किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेले हे भारतीय बाळ होते. पुढे २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही तोच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी वेगळी होती! हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जो दुष्काळ पडला, त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांतही पन्नास वर्षांनी साखर पचविण्याची शक्ती कमी आढळली. पोटात असताना ज्याने टंचाई पाहिली, त्याचे शरीर जन्मभर जणू दुष्काळाची तयारी करीत राहते. आणि मग त्याला एकदम सुबत्ता भेटते.

तेव्हा सांगा, दोष कोणाला द्यायचा? पेढा खाणाऱ्या मुलाला, की सर्वांना वाढून उरलेसुरले खाणाऱ्या त्याच्या आईला, की तिला तसे शिकविणाऱ्या तिच्या सासूला? हा खटला चालविण्यात अर्थ नाही.

पण म्हणून सगळे दैवावर टाकावे काय? तसेही नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या पाचशे एकतीस लोकांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी चालणे आणि बेताचे खाणे सांभाळले, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण एक-चतुर्थांशाहून अधिक घटले. म्हणजे वारशात जे आले ते आपल्या हाती नव्हते, पण त्याचे पुढे काय करायचे ते काही अंशी हाती आहे. मला वाटते, दोष आणि जबाबदारी या दोन शब्दांत आपण नेहमी घोटाळा करतो. दोष मागे वळून पाहतो. जबाबदारी पुढे पाहते. घर मोडके मिळाले हा माझा दोष नसेल, पण पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणे हे काम माझेच आहे.

आता आम्हा शिक्षकांच्या एका शब्दाकडे वळतो. मराठीत 'गुण' हा मोठा घोटाळ्याचा शब्द आहे. परीक्षेत मिळतात ते गुण, माणसाच्या स्वभावात असतात तेही गुण, आणि औषध लागू पडले की येतो तोही गुणच. मधुमेह्याच्या घरात या तिन्ही अर्थांची खिचडी होते. तपासणीचा कागद घरी येतो. सारेजण तो प्रगतिपुस्तकासारखा हातोहात पाहतात. आकडा खाली असला तर, "शहाणे आहेत हो आमचे बाबा!" वर असला तर कोणी बोलत नाही; पण सूनबाईंच्या चेहऱ्यावर, मुलाच्या आवाजात, बायकोने डाव ठेवला त्या आवाजातसुद्धा निकाल ऐकू येतो. औषधाचा गुण किती आला हे सांगणारा आकडा माणसाच्या गुणांचा आकडा होऊन बसतो.

याचा परिणाम काय होतो तो मी जवळून पाहिला आहे. माझे एक स्नेही, चांगले सत्तरीचे, आयुष्यात कोणाची पै बुडवली नाही असे गृहस्थ. तपासणीची तारीख ठरली की दोन दिवस आधी ते ताक आणि काकडीवर राहत, आणि नदीपर्यंत चालून येत. उपाशीपोटीची साखर त्यामुळे सुरेख येई. मग एकदा डॉक्टरांनी वेगळी चाचणी सांगितली. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांतल्या रक्तद्रव्याला किती साखर चिकटली ते या चाचणीत मोजतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तिला दोन दिवसांच्या उपासाने फसविता येत नाही. साडेसहा टक्के आणि त्यावर आकडा गेला तर मधुमेह समजतात. यांचा दहाच्या पुढे गेला होता. कागद घेऊन ते आधी माझ्याकडे आले. मला वाटले, डोळ्यांची, मूत्रपिंडांची काळजी करीत असतील. ते म्हणाले, "मास्तर, हे घरी कसं सांगू?"

या एका वाक्याने मला पुष्कळ दिवस विचार करायला लावले. ज्या माणसाने बाहेर कधी खोटे केले नाही, त्याला आपल्याच माणसांपुढे रक्ताची खोटी साक्ष उभी करावीशी वाटली. रोगापेक्षा त्याला घरातल्या निकालाचे भय अधिक होते. आणि ज्या रोगाच्या उपचाराचा सगळा डोलारा खऱ्या आकड्यावर उभा आहे, त्यात खोटे बोलण्याइतके घातक अपथ्य दुसरे नाही. साखर कमी दाखविली की डॉक्टर औषध वाढवीत नाहीत. आणि गोळी चुकवून घेतली म्हणून सांगितले, तर नको तेव्हा वाढवितात.

पहारा जितका कडक, तितकी चोरी बारीक होत जाते. इन्शुलिनच्या आधीच्या काळातली एक हकीगत या बाबतीत विसरता येत नाही. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन हे त्या वेळचे मोठे नाव. त्यांचा उपचार म्हणजे उपासमार. रोग्याला इतके थोडे खायला द्यायचे की मूत्रात साखर उतरू नये. त्याने मुले काही महिने, एखादे वर्ष अधिक जगत, पण अस्थिपंजर होऊन. त्यांच्या देखरेखीखाली बारा वर्षांचा, आंधळा झालेला एक मुलगा होता. तो खोलीत बंद, खाण्यावर पूर्ण लक्ष, आणि तरीही त्याच्या मूत्रात साखर दिसे. ती येते कुठून हे कोणालाच कळेना. शेवटी उलगडा झाला: मुलगा दात घासण्याची पेस्ट खात होता, आणि त्याने हट्टाने मागून घेतलेल्या पाखराच्या पिंजऱ्यातले दाणे खात होता. ॲलन दुष्ट नव्हते. त्या काळी त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते, आणि त्यांच्या उपचाराने काही रोगी इन्शुलिन येईपर्यंत तगले. पण पाखराच्या दाण्यांपर्यंत हात नेणाऱ्या त्या पोराची भूक आणि त्याची चोरी, यांत अपराध कोणता होता हे मला कोणी सांगावे.

इन्शुलिन आले ते १९२१-२२ मध्ये, कॅनडातल्या टोरांटो येथे. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत ते काढले, आणि कॉलिप यांनी ते माणसाला टोचण्याइतके शुद्ध केले. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉम्पसनला पहिली सुई दिली. ती नीट लागू पडली नाही. अधिक शुद्ध केलेली दुसरी २३ जानेवारीला दिली, आणि मृत्यूच्या दारातला मुलगा सावरू लागला. शोधाचे हक्क त्या मंडळींनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. म्हणून तो दिवस जगभर मधुमेह दिन पाळतात. आपल्याकडे तो बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि फराळाच्या डब्यांत हरवून जातो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज बँटिंगकडे आली. वय पंधराला टेकलेले, वजन जेमतेम वीस किलो. तीही ॲलनच्याच उपासमारीवर तीन वर्षे तगलेली होती. इन्शुलिनने ती सावरली, शिकली, संसार केला, मुले वाढवली आणि १९८१ पर्यंत जगली. वैद्यकाचा तो एक विजयच होता. पण त्या बाईंनी आपला आजार जन्मभर लपविला. फार थोड्या माणसांना तो कळू दिला. इन्शुलिनने साखर उतरली, लाज उतरली नाही. ती उतरविणारे औषध प्रयोगशाळेत तयार होत नाही, ते घरातच करावे लागते.

म्हणून मला असे वाटते, की आग्रह करणारी मावशी आणि पहारा करणारा मुलगा ही दोन माणसे दिसतात तितकी परस्परविरुद्ध नाहीत. एक म्हणते, "एका लाडवानं काय होतंय, घ्या!" दुसरा म्हणतो, "बाबा, तो लाडू खाली ठेवा!" दोघांचेही प्रेम खरे आहे. पण दोघांच्याही लेखी ताटावर बसलेला माणूस ठरविणारा नाही. त्याच्याविषयी ठरवायचे आहे. मावशीने त्याचे 'नको' ऐकले नाही, मुलाने त्याचे 'हो' ऐकले नाही.

पहाऱ्यात ज्ञान नसले म्हणजे तो किती घातक होतो, हे मी एका कार्यालयात पाहिले. लग्नाचा मुहूर्त लांबला, पंगत लांबली. इन्शुलिन घेणारे एक गृहस्थ दरदरून घामाघूम झाले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. कोणीतरी सरबत आणले, तर त्यांचे थोरले बंधू आडवे आले: "त्यांना साखर चालत नाही!" वस्तुतः त्या क्षणी त्यांना फक्त साखरच हवी होती. औषध पोटात आणि अन्न नाही, म्हणजे रक्तातली साखर सत्तरच्याही खाली जाते, आणि मेंदूचे तर तिच्यावाचून क्षणभर चालत नाही. त्यांच्या पुतणीला हे ठाऊक होते. तिने काकांना शुद्ध आहे, गिळता येते आहे एवढे पाहिले आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली; पंधरा मिनिटांत काका माणसांत आले. शुद्ध हरपलेली असती तर तोंडात काही न घालता सरळ रुग्णालय गाठणे एवढाच मार्ग होता. बंधूंचे प्रेम पुतणीपेक्षा कमी नव्हते. पण त्यांनी एक नियम पाठ केला होता, आणि तिने माणसाकडे पाहिले होते.

येथे कोणी चिडून म्हणेल, "मास्तर, तुमचे तत्त्वज्ञान ठीक आहे. पण बाबांनी डोळ्यांदेखत पाय गमवावा आणि आम्ही स्वातंत्र्याचा आदर करीत बसावे काय?" हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. माझे शरीर केवळ माझे, ही गोष्ट पुस्तकात खरी आहे, घरात नाही. उद्या माझा पाय कापावा लागला तर मला उठविण्याबसविण्याचे काम कोणीतरी करणार, आणि ते बहुधा घरातली एखादी स्त्री करणार. डायलिसिसच्या खेपा मुलाच्या रजेतून आणि पगारातून जाणार. ज्यांच्या खांद्यावर माझा भार पडणार, त्यांना माझ्या ताटाविषयी एक शब्द बोलण्याचा हक्क नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे?

त्यांना हक्क आहेच. पण तो कोणत्या गोष्टीचा, ते नीट पाहिले पाहिजे. पथ्य हा शब्द 'पथ' म्हणजे वाट यावरून आला आहे. जे वाटेला धरून असते ते पथ्य. वाट सरळ करणे, तीवरचे काटे काढणे, सोबतीला चालणे, हे दुसऱ्याला करता येते; पाऊल मात्र ज्याचे त्यालाच टाकावे लागते. लहान मूल असेल तर त्याला उचलून घ्यावे लागते, ही गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाच्या बाबतीत मी एक साधा हिशेब मांडतो: घरात काय यावे ते सगळ्या घराने ठरवावे; तोंडात काय जावे ते ज्याचे त्याने. घरातल्या प्रत्येकाने आपले भय एकदा स्पष्ट सांगावे, "तुमच्या डोळ्यांची मला भीती वाटते," असे. मग मात्र ताट पुढे करून गप्प बसावे. आणि ज्याला हे स्वातंत्र्य हवे, त्याने त्याची किंमतही द्यावी. ती किंमत म्हणजे खरे सांगणे. आज दोन करंज्या खाल्ल्या, गोळी चुकली, पायाला फोड आला आहे, हे त्याने न लपविता सांगावे. खरे सांगणे हे रोग्याचे पथ्य. आणि ते खरे कपाळाला आठी न घालता ऐकून घेणे हे घराचे. यांतले एक मोडले की दुसरे टिकत नाही.

घराचे पथ्य म्हणताना आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. वडिलांना मधुमेह झाला की घरात त्यांच्यासाठी वेगळी उसळ शिजते, बिनसाखरेचा चहा होतो, ज्वारीची भाकरी भाजली जाते. आईला झाला तर? सगळ्यांचे करून, सगळ्यांना वाढून, उरलेला भात संपविणे हेच तिचे जेवण. तिच्या पथ्यासाठी स्वयंपाक वेगळा करायचा तर तो तिनेच करायचा, आणि म्हणून तो होत नाही. "माझं काय, मी काहीही खाते," असे ती म्हणते आणि आपण ते तिचे मोठेपण समजतो. पुण्याजवळच्या त्या बारीक बाळांची गोष्ट जिथून सुरू झाली, तिथेच आपण अजून उभे आहोत. ज्या घराला मधुमेह कळला, त्या घराने पहिली सुधारणा ही करावी, की वेगळे ताट नाहीसे करावे. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हे काही रोग्याचे अन्न नव्हे. ते सगळ्यांचेच चांगले अन्न आहे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे सगळ्यांनी मिळून चालावे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर आपण होऊन ओढून घेतो. 'गूळ चालतो' आणि 'उपासाचा साबुदाणा चालतो' हे दोन गोड गैरसमज तेवढे घरातून काढावे; रक्ताच्या हिशेबी गूळ म्हणजे साखरच, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणि कोणाच्या कडू रसाच्या भरवशावर चालू असलेले औषध बंद करू नये.

आमच्या शेजारी एक अकरा वर्षांची मुलगी आहे. सातव्या वर्षी तिला तो पहिल्या प्रकारचा, किल्ल्याच नाहीशा करणारा मधुमेह झाला. साखर फार खाल्ल्याने तो होत नाही, हे शाळेत आणि नात्यागोत्यात सांगता सांगता तिची आई थकली. प्रथम सुई आईच देई. मग मुलीने धरायची आणि आईने पाहायचे. आता मुलगी स्वतः देते आणि आई पलीकडच्या खोलीत असते. जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात कशी सोपवावी, याचा यापेक्षा सुंदर धडा मी बत्तीस वर्षांच्या शिक्षकीत पाहिला नाही. मागच्या दिवाळीत ती फराळाला आली तेव्हा करंजी हातात घेऊन तिने मला विचारले, "आजोबा, यात सारण किती असेल?" मग बोट टोचून साखर पाहिली, मनाशी काही गुणाकार-बेरीज केली, इन्शुलिनचे एकक ठरविले आणि करंजी चवीने खाल्ली. तासादोनतासांनी पुन्हा पाहिले तर आकडा अंदाजापेक्षा वर होता. ती नुसती "हं" म्हणाली, वहीत लिहून ठेवले आणि फुलबाज्या उडवायला गेली. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, बढाईही नव्हती. चुकलेल्या गणिताकडे ज्या कुतूहलाने पाहावे, तसे ती त्या आकड्याकडे पाहत होती. तिच्या घरात कोणी तिला आकड्यावरून चांगली किंवा वाईट ठरविलेले नाही; म्हणूनच ती खरा आकडा लिहू शकते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण मोठ्यांच्या अंगाला तेल लावतो. ज्या घरात मधुमेही आहे त्या घराला माझी एक विनंती आहे. पाण्याची कढत त्यांना अजमावू देऊ नका. त्यांच्या पायांना ती कळत नाही, म्हणून आपलाच हात आधी पाण्यात घालून पाहा. तेल चोळताना तळवे नीट पाहा. कुठे भेग, फोड, लाली आहे का ते बघा. बोटांच्या बेचक्यांत तेल न घालता त्या कोरड्या पुसा. जखम दिसली तर "सांगितलं का नाही?" असे विचारू नका, दुखलेच नसेल तर ते काय सांगणार? नुसते म्हणा, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ." एवढे ऐकले, की पुढच्या वेळी ते आपण होऊन सांगतील.